रिकामा दगड

मृग लागून आठ-दहा दिवस झाले की गोव्यातले गडगे, म्हणजे आवाराच्या दगडी भिंती, हिरवे व्हायला लागतात. नुकत्याच रचलेल्या कोऱ्या चिऱ्यांवर आधी बुळबुळीत थर धरतो. पाय पडला तर माणूस थेट परसात. शेजारच्या पन्नास वर्षं जुन्या गडग्यावर मात्र तो थर शोधावा लागतो. तिथे मखमली मॉस असतं, फटींतून नेचे डोकावतात, दगडफुलाचे राखाडी डाग असतात. त्यांनी आपापली जागा केव्हाच वाटून घेतलेली असते. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो.

बैठकीच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत याहून वेगळं काही घडत नाही. रीफ टँकमधल्या, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेल्या टाकीतल्या, शेवाळाने वैतागलेला माणूस विचारतो ते एवढंच: नायट्रेट किती हवं, फॉस्फेट किती हवं, खाली कसं आणू? प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. टाकीत खत किती आहे हे बघावंच लागतं. ते खायला दगडावर आधीपासून कोण बसलंय, हेही बघावं लागतं.

मुळात शेवाळ नसलेली रीफ टाकी असतच नाही. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालांचा असतो. ती निघून गेली की प्रवाळ पांढरा पडतो. दगडावर चढणारा जांभळा-गुलाबी टणक थर, ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात, ते कोरलाइनही शैवालच. तेव्हा सगळं शेवाळ घालवायचं हा बेत सोडून द्यावा. कोणाला बसू द्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

आजकाल बहुतेक टाक्या कोरड्या दगडावर, ड्राय रॉकवर उभ्या राहतात. तो दगड पांढराशुभ्र, दिसायला देखणा आणि पूर्ण रिकामा. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू तीन ते सहा आठवड्यांत बसतात, टेस्ट किट हिरवा कंदील दाखवतं आणि मालकाला वाटतं टाकी तयार झाली. तिथून खरी वरात सुरू होते. आधी वाळूवर डायटम या एकपेशीय शैवालाची तपकिरी पूड, मग काचेवर हिरवी झिलई, मग दगडावर केसांसारखे हिरवे झुपके. सहा महिने ते वर्षभर हे चालू शकतं. या काळात घाबरून सगळे दगड बाहेर काढून ब्रशने घासणारा माणूस दर वेळी गडगा नव्याने रचत असतो. घासलेला दगड स्वच्छ होतो आणि पुन्हा रिकामा होतो.

हा काळ आखडता घ्यायचा असेल तर ओळखीच्या, निरोगी, जुन्या टाकीतून कोरलाइन चढलेला अर्धा-एक किलो दगड आणा. आणण्याआधी टॉर्च मारून बघा. त्यावर हिरवे काचेरी फुगे किंवा एप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाची पारदर्शक फुलं दिसली तर फुकट मिळाला तरी नको. किनाऱ्यावरून मात्र काहीही उचलू नका. वास्कोसमोरच्या ग्रँड बेटाभोवती प्रवाळ आहेत, आणि कठीण प्रवाळांच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडा उचलणं हाही गुन्हाच.

आता पाणी. गोव्यात नळाचं पाणी सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांचं. ओपाचं घ्या, अस्नोड्याचं घ्या नाहीतर साळावलीचं, ते मऊ असतं आणि टीडीएस मीटरवर आकडा लहान दिसतो. म्हणून लोक म्हणतात, आरओ कशाला? कारण मीटर फक्त किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. आपल्या पायाखालचा जांभा तयार झाला तोच मुळी युगानुयुगांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली म्हणून. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, सिलिका पाण्याबरोबर गेली. अशा मुलखातून आलेल्या पाण्यात सिलिका असणारच, आणि डायटम आपलं कवच त्याच सिलिकाचं बांधतात. टाकी वर्षाची झाली तरी तपकिरी पूड हटत नसेल तर आधी पाण्याकडे बघा.

स्वयंपाकघरातला प्युरिफायर या कामाचा नाही. त्यातला टीडीएस कंट्रोलर चव यावी म्हणून थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. वेगळं आरओ-डीआय युनिट घ्या: गाळ अडवणारं काडतूस, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेले क्षार ओढून घेणारं डीआय रेझिन. इथे एक खोच आहे. रेझिन थकायला लागलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते, मीटर अजून शून्यच दाखवत असताना. म्हणून रंग बदलणारं रेझिन घ्यावं आणि तीन-चतुर्थांश रंग उतरला की बदलावं. शून्याचा एक होण्याची वाट बघू नये.

समुद्र दारात आहे तर पाणी विकत का बनवायचं, हा मोह गोव्यातच होतो. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, दोना पावलाला जुवारी. पावसाळ्यात नदीमुखाची क्षारता कोसळते, गाळ आणि शेतातलं खत वाहून येतं. त्याच महिन्यांत पश्चिम किनाऱ्याला खोलातलं, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. मासळीला ते वरदान, आपल्या दोनशे लिटरच्या टाकीला नाही. आगराचं मीठही चालत नाही. मिठाचे खडे धरतात तेव्हा मॅग्नेशियम आणि पोटॅशियम बरंचसं मागच्या कडू पाण्यातच राहून जातं. रीफ सॉल्टच घ्या आणि पिशवी उघडली की घट्ट झाकणाच्या पिंपात ओता. जुलैच्या दमट हवेत उघड्या पिशवीतल्या मिठाचे गोळे होतात, मग वजनाने मोजलेलं प्रमाण चुकतं आणि मिसळताना पाणी दुधट होतं. क्षारता ३५ पीपीटी. रेफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नव्हे, ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्यावा.

खाद्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. सुक्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात दहा मिलिग्रॅम फॉस्फरस, त्याचं फॉस्फेट होतं तीसेक मिलिग्रॅम. दोनशे लिटरला भागा: ०.१५ पीपीएम. टाकीत फॉस्फेट ०.०३ ते ०.१० च्या आत असावं अशी आपली धडपड असते, आणि एका ग्रॅमच्या चिमटीत त्यातल्या वरच्या आकड्याच्या दीडपट शिरतं. सगळंच पाण्यात उतरत नाही. काही माशाच्या अंगी लागतं, काही स्किमरच्या, म्हणजे फेस उठवून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या, कपात जातं. पण चिमूट रोजची असते. याच्या तुलनेत पाणी बदलण्याचं बळ किती? नायट्रेट ४० असताना दहा टक्के पाणी बदललं की ३६ होतं. पाणी बदलावं, पण त्याच्या भरवशावर खाऊ घालू नये.

मासे मिनिटभरात संपवतील एवढंच द्यावं. गोठवलेलं मायसिस, म्हणजे बारीक कोळंबीसारखं खाद्य, आरओच्या पाण्यात वितळवून चहाच्या गाळणीत धुवावं, मग घालावं. चवथीला गावच्या घरी जाताना शेजाऱ्याच्या हाती खाद्याचा डबा देऊ नये. शेजारी प्रेमळ असतो आणि मासे काचेला तोंड लावून भुकेलं दिसण्यात तरबेज असतात. गोळ्यांच्या सात खणांच्या डबीत रोजची मात्रा भरून द्या आणि डबा लपवून ठेवा. ऑटो-फीडर लावायचा म्हणाल तर पावसाळ्यात त्यातले दाणे ओलसर होऊन चिकटतात. दोन दिवस काहीच पडत नाही, तिसऱ्या दिवशी गोळा पडतो.

आता टेस्ट किटचा चकवा. टाकी हिरवीगार आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्य. किट खोटं बोलत नाही. पाण्यात उरलेलं तेवढं ते मोजतं. शेवाळाच्या पोटात गेलेलं त्याला दिसत नाही. दुसरं गोदाम म्हणजे दगडच. कॅल्शियम कार्बोनेटचा दगड फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतो. म्हणून फॉस्फेट रिमूव्हर लावल्यावर आकडा उतरतो, आठवड्याने पुन्हा वर येतो आणि माल बोगस निघाला असं वाटतं. माल ठीक असतो, दगड उधारी फेडत असतो. लोहयुक्त रिमूव्हर डब्यावरच्या मात्रेच्या पाव भागाने सुरू करावा, आधी धुऊन, रिॲक्टरमध्ये, म्हणजे पाणी खेळवायच्या नळकांड्यात, दाणे जेमतेम हलतील अशा प्रवाहात. आठवड्याला ०.०५ पेक्षा जास्त उतरवू नये असं माझं मत आहे. एकदम खाली ओढलं तर शेवाळाआधी प्रवाळच कोमेजतो.

हाताने काढणं हे काम कमी दर्जाचं समजलं जातं. मला ते सगळ्यात भरवशाचं वाटतं, नीट केलं तर. बारा मिलिमीटरची सायफनची नळी घ्या. तिच्या तोंडाशी टणक पाइपचा वीतभर तुकडा बसवा आणि त्या तुकड्याला जुना टूथब्रश केबल-टायने असा बांधा की केस नळीच्या तोंडापुढे जेमतेम बोटभर येतील. वेवमेकर (टाकीत प्रवाह फिरवणारा पंप) आणि रिटर्न पंप (खालच्या टाकीतून पाणी वर आणणारा) बंद. बंद करायचं विसरलात तर प्रत्येक सुटलेला धागा पुढच्या दगडावर जाऊन रुजेल. खाली बादली, बादलीच्या तोंडाला फिल्टर सॉक, म्हणजे गाळायची कापडी पिशवी. आता झुपका चिमटीत धरून बुडापासून ओढा. हिरवे केस जसे ताठ दिसतात तसे हाताला लागत नाहीत, ओल्या लोकरीसारखे मऊ लागतात, आणि ओढले की मागे गाळाचा तपकिरी ढग उठतो. तो ढग म्हणजेच खत. न खाल्लेलं अन्न आणि विष्ठा झुपक्याने गाळणीसारखी अडवून ठेवलेली असते. ब्रशने जागा खरवडा, ढग नळीत गेला पाहिजे. वीस लिटर भरलं की थांबा. तेवढं नवं पाणी घाला, म्हणजे पाणी बदलणंही त्यातच झालं. एका वेळी एक तृतीयांश दगडच घ्या. बाकीच्यांवर जे चांगलं बसलंय त्याला बसू द्या.

उचलता येणारा छोटा दगड असेल तर बाहेर काढून हायड्रोजन पेरॉक्साइडचा हात द्यावा. परदेशी कृतींत तीन टक्क्यांचं द्रावण धरलेलं असतं. आपल्या औषधाच्या दुकानात मिळणारं बहुधा सहा टक्क्यांचं, ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं. बाटली वाचा, तेवढंच आरओचं पाणी मिसळून निम्मं करा. प्रवाळाला न लावता ब्रशने शेवाळावर लावा, दोन मिनिटं फसफसू द्या, टाकीतून काढलेल्या पाण्यात खळखळून धुवा, परत ठेवा. दोन-तीन दिवसांत ते पांढरं पडतं आणि गोगलगायी ते आवडीने खातात. टाकीत क्लीनर श्रिम्प असेल तर धुण्यात हयगय नको, त्याला पेरॉक्साइड सोसत नाही.

हे सगळं खऱ्या हिरव्या केसांसाठी झालं. दिसायला तेच, पण धाग्याला नेच्याच्या पानासारख्या बारीक फांद्या असतील तर ते ब्रायोप्सिस. ओढून, उपाशी ठेवून ते जात नाही. त्यावर फ्लुकोनाझोल चालतं, लिटरला सुमारे पाच मिलिग्रॅम. दगड-वाळूची जागा वजा जाता दोनशे लिटर निव्वळ पाणी असेल तर दीडशे मिलिग्रॅमच्या सात कॅप्सूल. औषध चिठ्ठीवरचं आहे आणि माणसांसाठीचं आहे, हे ध्यानात ठेवून शेवटचा उपाय म्हणून. फिल्टरमधला कार्बन काढा, पाणी निर्जंतुक करणारा यूव्हीचा दिवा असेल तर बंद करा, दोन-तीन आठवडे धीर धरा. मरणारं शेवाळ सायफनने काढत राहा, नाहीतर त्याचंच खत होईल. शेवटी ताजा कार्बन आणि पंचवीस टक्के पाणी बदल. काचेचे हिरवे मणी म्हणजे व्हॅलोनिया. नखाने बुडापासून अख्खा मणी सोडवा, फोडू नका. लाल मखमलीची चादर, जी हात लावला की सायीसारखी सुटते, ते शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया आहेत. जिथे प्रवाह मेलाय तिथेच ते अंथरूण घालतात. दोनशे लिटरच्या टाकीत ताशी चार ते सहा हजार लिटर पाणी फिरलं पाहिजे. वेवमेकरची दिशा बदलून बघा, अँटिबायोटिक नंतर.

एका पाहुण्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण त्याच्यावर नेहमीचे उपाय उलटतात. तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे. दिवे गेले की नाहीसे, सकाळी दहाला पुन्हा हजर. हे डायनोफ्लॅजेलेट, बोलीत ‘डायनो’. खात्री करायची तर थोडा शेंबूड ड्रॉपरने काढून छोट्या बाटलीत टाकीच्या पाण्यासह मिनिटभर हलवा, कॉफीच्या फिल्टर-कागदातून गाळा आणि खाली आलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात त्या पाण्यात पुन्हा धागे जमले तर डायनो. सायनो आणि डायटम असे पुन्हा जमत नाहीत. डायनो बहुधा तिथे येतात जिथे नायट्रेट आणि फॉस्फेट खरोखरच शून्यावर आणलेलं असतं. बाकी सगळे उपाशी मरतात, दगड मोकळा होतो, आणि कमी अन्नात जगणारा हा येऊन बसतो. इथे पाणी बदलणं थांबवा, रिमूव्हर काढा, नायट्रेट पाच ते दहा आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१० वर वाढवून टिकवा. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींना यूव्ही लागू पडतो. वाळू न सोडणाऱ्या जातींना नाही. चारशेपट मोठं दाखवणारा साधा मायक्रोस्कोप असेल तर जात ओळखता येते आणि यूव्हीचे पैसे वाचतात किंवा सत्कारणी लागतात. आटापिटा करून मिळवलेल्या शून्याचं हे बक्षीस बघितलं की शून्याचा मोह आपोआप सुटतो.

खाणारे प्राणी आणावेत, पण माफक. दोनशे लिटरला आठ-दहा ट्रोकस गोगलगायी पुरतात. उलटल्या तर त्या स्वतः सरळ होतात, ॲस्ट्रिया होत नाहीत. सेंटिमीटरहून लांब केस बहुतेक गोगलगायी खात नाहीत, ते आधी आपणच उपटायचे. टक्सीडो अर्चिन हा काटेरी समुद्री प्राणी कामाला वाघ आहे, पण तो कोरलाइनही खरवडतो. त्याच्या वाटेमागे पांढऱ्या रेघा राहतात, आणि ती पुन्हा रिकामी जागाच.

व्होडका घालून जीवाणू वाढवायचे आणि त्यांना स्किमरने काढायचं, ही पद्धत चालते. दोनशे लिटरला पहिले तीन दिवस ०.२ मिलिलिटर, पुढचे चार दिवस ०.४, मग आठवड्याला फार तर अर्धा मिलिलिटर वाढ. गोव्यात विचारलं जातंच म्हणून सांगतो, फेणी नको. जिच्या वासासाठी आपण ती पितो ती सगळी द्रव्यं टाकीत जातील. विंदालूतलं माडाचं व्हिनेगरही नको. पण माझी मोठी हरकत वेगळी आहे. वाढलेले जीवाणू प्राणवायू ओढतात, आणि जुलैच्या रात्री वीज गेली, स्किमर थांबला की सकाळी मासे पृष्ठभागावर. इन्व्हर्टरवर वेवमेकर नसेल तर या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा सम्पमध्ये, म्हणजे खालच्या टाकीत, मूठभर किटोमॉर्फा हे धाग्यांचं शेवाळ, वर स्वस्त ग्रो-लाइट, टाकीतले दिवे विझले की ती पेटेल अशा टायमरवर. तीन-चार आठवड्यांत गोळा दुप्पट झाला की अर्धा फेकायचा. शेवाळाला शेवाळानेच रोखायचं, फक्त त्याची जागा आपण ठरवून द्यायची.

पावसाळ्यातली एक चूक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुष्कळ जण कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, डीकेएचमध्ये मोजतात) टिकवायला चुन्याची निवळी टॉप-अपमधून, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या भरपाईतून, देतात, लिटरला दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड. उन्हाळ्यात रोज दोन लिटर पाणी उडतं, दोन लिटर निवळी जाते. जुलैत हवाच इतकी ओली असते की लिटरभरही उडत नाही. निवळी निम्म्यावर येते, खिडक्या बंद असल्याने खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच घसरतो. अल्कलिनिटी साडेआठवरून सहावर आली की कोरलाइनच्या कडा पांढऱ्या पडतात, थर मरतो आणि त्या जागी श्रावणात हिरवे केस उगवतात. लोक दोष खाद्याला देतात. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा अल्कलिनिटी मोजा, तूट सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने भरून काढा आणि स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर सोडा, तोंड खाली करून, म्हणजे पाऊस आत येणार नाही.

उन्हाचंही असंच. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत गोव्यात माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येतच नाही. तेव्हा बघून टाकीची जागा ठरवली की डिसेंबरात पंचाईत होते. तेव्हा सूर्य दुपारीही एक्कावन्न अंशांवरच असतो आणि ऊन थेट काचेवर उतरतं. जुन्या घरातली शिंपल्यांची खिडकी असेल तर ते गाळून येतं, नाहीतर पडदा लावा.

समोरची काच चुंबकाने हवी तितकी घासा, मागची सोडून द्या. महिन्या-दोन महिन्यांनी टॉर्च तिरपी धरून तिच्यावर बघा: मोहरीएवढा जांभळा ठिपका दिसेल, गोल, कडेला पातळ. त्याला आणखी तीन-चार महिने हात लावायचा नाही. रुपयाएवढे डाग झाले आणि एकमेकांना चिकटू लागले की वेवमेकर चालू ठेवून, एरवी जे टाळतो तेच करत, जुन्या प्लास्टिक कार्डाने त्यातला एखादा डाग खरवडा आणि तो चुरा पांढऱ्या दगडांवर पडू द्या.